‘सर, कुणाला सांगू नका’

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरली, की परतूर तालुक्यातील कित्येक वर्गांत काही बाके रिकामी दिसू लागतात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला असतो. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या वाटेला लागलेली असतात आणि त्यांच्या बिऱ्हाडाबरोबर त्यांची मुलेही गेलेली असतात. जी मुले मागे राहतात, कुणी आजीजवळ, कुणी चुलत्याच्या घरी, कुणी हंगामी वसतिगृहात, ती वर्गात येतात, कविता पाठ करतात, गणिते सोडवितात. वरकरणी त्यांच्यात आणि इतर मुलांत काही फरक दिसत नाही. मग एखाद्या दिवशी मधल्या सुट्टीत नववीतील एखादी मुलगी वह्या गोळा करण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळते आणि मान खाली घालून म्हणते, ‘सर, एक सांगायचंय. पण कुणाला सांगू नका.’

या वाक्याला काय उत्तर द्यावे, याचे टाचण कोणत्याही शिक्षकाने कधी काढलेले नसते. त्या मुलीचे लग्न ठरलेले असेल. ज्या घरी ती राहते त्या घरातील एखादा पुरुष तिला त्रास देत असेल. बापाने कर्जापायी जीव दिल्यानंतर घरात चूल कशी पेटते हे ती सांगणार असेल. किंवा आपल्यालाही आता जगावेसे वाटत नाही, एवढेच तिला म्हणावयाचे असेल. शिक्षकाला यातील काहीच ठाऊक नसते. पुढचा तास सुरू व्हावयास पाच-सात मिनिटे उरलेली असतात, व्हरांड्यात मुलांचा गलका चाललेला असतो आणि एका पोरीने आपले सारे आयुष्य त्याच्या पुढ्यात ठेवावयाचे ठरविलेले असते. तालुक्याच्या गावी तिला दुसरे ठिकाण तरी कोणते आहे? घरी बोलावे तर पुष्कळदा दुःखाचे मूळ घरातच असते. दवाखान्यात जावे तर कोणीतरी ओळखीचे भेटणार. पोलीस ठाण्याची पायरी चढणे मोठ्या माणसांनाही जड जाते. शाळा ही एकच जागा अशी, की जेथे ती रोज जाते आणि ‘तिथे कशाला गेली होतीस?’ असे तिला कोणी विचारीत नाही.

अशा प्रसंगी आपल्याकडील शिक्षकांचे वागणे साधारणतः ठरून गेलेले आहे, आणि त्यामागे वाईट हेतू क्वचितच असतो. कोणी उपदेश करतो. ‘अभ्यासात लक्ष घाल, सगळं ठीक होईल,’ असे म्हणून तो मुलीच्या डोक्यावर हात ठेवतो आणि तासाला निघून जातो. ती पुन्हा कधी बोलत नाही, यावरून सगळे ठीक झाले असा त्याचा समज होतो. कोणी शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना सहकाऱ्यांपुढे हळहळ व्यक्त करतो. गुपित फोडावे असा त्याचा उद्देश नसतो, परंतु त्या खोलीतून बातमी बाहेर पडावयास शाळा सुटण्याचीही वाट पाहावी लागत नाही. आणि पुष्कळसे शिक्षक, ज्यांना आपण फार जबाबदारीने वागत आहोत असे वाटते, ते बापाला निरोप धाडतात. परतूरसारख्या गावात हे अगदी सोपे असते. बाप बाजाराला आलेला असतो, चुलता ओळखीचा निघतो. ‘पोरगी असं असं म्हणते, जरा लक्ष द्या,’ एवढेच शिक्षक बोलतो. त्याच संध्याकाळी पोरीला मार बसतो, दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत दिसत नाही आणि महिन्याने व्हावयाचे लग्न आठ दिवसांवर येते. पालकांना विश्वासात घेणे ही शाळेची सर्वसाधारण रीत असावी हे खरेच. पण ज्या तक्रारीचा रोख घराकडेच आहे ती प्रथम घरीच पोहोचविणे, हे आगीची वर्दी आग लावणाऱ्याला देण्यासारखे होय.

यापेक्षा अधिक नाजूक चूक मात्र चांगले शिक्षक करतात. मुलीने ‘कुणाला सांगू नका’ म्हणताच ते तत्काळ वचन देऊन बसतात: ‘नाही सांगणार, बोल.’ विश्वास संपादन करण्याचा हाच मार्ग आहे असे त्यांना मनापासून वाटते. मग ती जे सांगते ते ऐकून त्यांच्या पायाखालची जमीन सरकते, आणि आता त्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात. वचन पाळावे, तर मुलगी पुन्हा त्याच घरात त्याच माणसाच्या तावडीत राहणार. वचन मोडावे, तर या जगात ज्या एका माणसावर तिने भरवसा टाकला त्यानेही फसविले असे तिला वाटणार. हा पेच परिस्थितीने निर्माण केलेला नसतो. घाईने दिलेल्या शब्दामुळे तो उभा राहतो.

शिवाय असे वचन देण्याचा अधिकार शिक्षकाला मुळात नाहीच. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड न करण्याचे संरक्षण वकिलाला साक्षीपुराव्याच्या कायद्याने दिलेले आहे. शिक्षकाला तसे कोणतेही संरक्षण या देशात नाही. उलट, बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करण्यासाठी २०१२ साली जो कायदा झाला आणि ज्याला सर्वजण ‘पॉक्सो’ या नावाने ओळखतात, त्याच्या १९ व्या कलमाने प्रत्येक माणसावर एक कर्तव्य लादले आहे. अठरा वर्षांखालील मुलावर वा मुलीवर असा गुन्हा घडल्याचे कळले, किंवा तो घडण्याची शक्यता दिसली, तरी ती माहिती पोलिसांना दिलीच पाहिजे. न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या हाताखालील माणसाच्या गुन्ह्याची वर्दी न देणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर मात्र दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही त्याच कलमात नमूद आहे आणि ते फारसे कोणी वाचत नाही.

हे कलम केवळ कागदावर राहावयाचे नाही, हे महाराष्ट्रातील एका प्रकरणानेच दाखवून दिले. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रकार ठाऊक असून कळविला नाही, असा आरोप ठेवण्यात आला. उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरविला. अत्याचार ठाऊक असूनही न कळविणे हा स्वतःच गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो अपराध्याला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असे न्यायालयाने बजावले. तो डॉक्टर होता. परंतु कायद्याच्या शब्दांत डॉक्टर, शिक्षक, शिपाई असा भेद नाही.

तेव्हा ‘कुणाला सांगू नका’ या विनवणीवर खरे उत्तर असे असावयास हवे: ‘तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुला धोका असेल, तर एक-दोघांना मला सांगावंच लागेल. आणि कुणाला सांगतोय, ते आधी तुला सांगेन.’ हे ऐकून मुलगी गप्प होईल, ही भीती खोटी नाही. त्या दिवशी ती कदाचित होईलही. परंतु ज्या माणसाने आपल्याला काय करता येईल आणि काय येणार नाही हे आधीच सरळ सांगितले, त्याच्याकडे ती पुन्हा येण्याची शक्यता असते. शब्द मोडणाऱ्याकडे ती कधीच येत नाही.

त्यानंतर ऐकावयाचे. दिसावयास सोपी वाटणारी ही गोष्ट शिक्षकी पेशात सर्वांत अवघड आहे, कारण या पेशाला प्रश्न विचारण्याची सवय जडलेली असते. ‘खरंच का?’, ‘मग तेव्हाच का नाही सांगितलंस?’, ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ यांतील प्रत्येक प्रश्न मुलीच्या दृष्टीने आरोप असतो. खरेखोटे करण्याचे काम शिक्षकाचे नाही. ते पोलिसांचे, बाल कल्याण समितीचे आणि शेवटी न्यायालयाचे. मुलीचे निवेदन तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने आणि गणवेश न घालता नोंदवावे, असे पॉक्सो कायद्याने ठरवून दिले आहे. तीच कहाणी वर्गशिक्षकाने, मग मुख्याध्यापकाने, मग शाळा समितीच्या अध्यक्षाने तिच्याकडून पुनःपुन्हा वदवून घ्यावी, यात तिचा छळ तर आहेच, शिवाय पुढे न्यायालयात तिच्या सांगण्यात फरक दाखविण्यास वकिलाला तेवढी जास्त जागा मिळते. शिक्षकाने तिचे शब्द, तिने वापरले तसेच, त्याच दिवशी कागदावर उतरवावे, खाली तारीख घालावी आणि तो कागद कुलपात ठेवावा. बोलावयास बसावे ते अशा ठिकाणी की चारजणांना दिसावे पण ऐकू जाऊ नये. बंद खोलीत नको आणि वर्गाच्या दारातही नको. मुलीने पुरुष शिक्षकाजवळ तोंड उघडले असेल, तर ‘बाईंकडे जा’ म्हणून तिला वाटेला लावू नये. तिला हवे असल्यास बाईंना सोबत बसवावे. एवढे धैर्य ती दिवसात दोनदा एकवटू शकेल, असे गृहीत धरण्यात अर्थ नाही.

परतूरच्या शिक्षकाच्या वाट्याला येणाऱ्या गुपितांत ठरलेल्या लग्नाचे गुपित फार वरचे आहे. हा तालुका १ मे १९८१ रोजी नव्या जालना जिल्ह्यात आला. त्यापूर्वी तो परभणी जिल्ह्यात होता. कागदावर जिल्हा बदलला, रीत बदलली नाही. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होते. परभणी जिल्ह्यात ते निम्म्याच्या जवळ आणि जालना जिल्ह्यात एक-तृतीयांशाच्या वर होते. याला केवळ अडाणीपणा म्हणून मोकळे होणे हे शहरी संपादकीयांचे आवडते काम असले, तरी ते खरे नाही. ऊसतोडीची उचल मुकादम जोडप्यावर देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. मुलीच्या बापाचा हिशेब वेगळा असतो: सहा महिने फडावर जावयाचे, तर वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवावयाची? या भीतीत तो तिचे लग्न उरकतो. तो खलनायक नसतो. म्हणूनच त्याला कायद्याचे कलम ऐकविण्याबरोबरच मुलीच्या राहण्याची सोय दाखविता आली पाहिजे.

येथे शिक्षकाचे ज्ञान कामी येते, आणि खेदाची गोष्ट ही की तेच पुष्कळदा तोकडे असते. हंगामी वसतिगृहे आहेत, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये आहेत. ज्या मुलांचा बाप वा आई हयात नाही, त्यांच्यासाठी राज्य सरकारची सावित्रीबाई फुले यांच्या नावाची बालसंगोपन योजना असून, २०२३ मध्ये तिची मदत मुलामागे दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. शेतकरी आत्महत्येने पोरक्या झालेल्या घराला ही रक्कम लहान नाही. परंतु या योजनेचा अर्ज कोठे मिळतो, हे वर्गशिक्षकाला ठाऊक नसेल, तर विधवा आईला ते कोण सांगणार?

कायद्याची बाजू यात बळकट आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी लग्न होण्यापूर्वीच मनाई हुकूम काढू शकतात, आणि तो डावलून लावलेले लग्न मुळातच रद्दबातल ठरते. मनाई हुकूम नसताना झालेले लग्न मात्र आपोआप रद्द होत नाही. ते रद्द करून घेण्याची खटपट नंतर त्या मुलीलाच करावी लागते. अक्षता पडण्याआधी गेलेला निरोप आणि नंतर गेलेला निरोप यांत एवढे अंतर आहे. खेड्यात या कामासाठी नेमलेला अधिकारी म्हणजे लोक ज्याला ग्रामसेवक म्हणून ओळखतात तोच ग्रामपंचायतीचा अधिकारी. आता तो त्याच गावात वावरणारा, पुष्कळदा त्याच लग्नाचे आमंत्रण खिशात असलेला माणूस. तो हलेल किंवा हलणार नाही. म्हणून १०९८ हा क्रमांक शिक्षकाला तोंडपाठ हवा. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली मुलांसाठीची ही दूरध्वनी सेवा आता सरकारी यंत्रणेकडून चालविली जाते, आणि कळविणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याची तिची रीत आहे. एका गावी थांबविलेले लग्न पंधरा दिवसांनी मामाच्या गावी गुपचूप लागते, हाही अनुभव नवा नाही. मुलगी वर्गात येते की नाही, हे रोज पाहणारा माणूस शिक्षकाखेरीज दुसरा नसतो.

शिक्षकांच्या बाजूनेही काही बोलले पाहिजे, कारण वरील सर्व अपेक्षा ज्या माणसाकडून करावयाच्या, त्याची स्थिती फारशी हेवा करण्याजोगी नाही. परतूर हे रेल्वे स्थानकाचे गाव. अनेक शिक्षक जालन्याहून वा आणखी लांबून अप-डाऊन करतात. त्यांनी नेमणुकीच्या गावी राहावे की नाही, यावर सरकार आणि संघटना यांचा वाद वर्षानुवर्षे चालला आहे. त्या वादात पडण्याचे येथे कारण नाही. मात्र मुलीवरील संकटाचा प्रहर बहुधा संध्याकाळी, गुरुजींची गाडी सुटल्यानंतर सुरू होतो, एवढे खरे. जो गावातच राहतो त्याची अडचण निराळी. लग्न मोडल्याचा राग गाव त्याच्यावर काढते. त्याचे दूध बंद होते, घरमालक खोली रिकामी करावयास सांगतो. खासगी संस्थेतील तासिका तत्त्वावर किंवा विनाअनुदानित तुकडीवर काम करणाऱ्या तरुणाला तर पुढच्या जूनमध्ये नोकरी राहील की नाही याचीच शाश्वती नसते. कायद्याने दिलेले संरक्षण खटल्यापासूनचे आहे; संस्थाचालकाच्या नाराजीपासूनचे नव्हे. यासाठी वर्दी एकट्या शिक्षकाच्या नावाने जाऊ नये, शाळेच्या शिक्क्याने, मुख्याध्यापकाच्या सहीने जावी, आणि गटशिक्षणाधिकाऱ्याने तिची पोच द्यावी. मुख्याध्यापक टाळाटाळ करीत असेल, तर मात्र शिक्षकाला थांबता येणार नाही. कलम १९ चे कर्तव्य ‘वरिष्ठांना सांगितले होते’ एवढ्याने फिटत नाही.

आणि तक्रार शाळेतल्याच माणसाविरुद्ध असेल तर? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेतील दोन चिमुरड्यांवरील अत्याचाराने सारा महाराष्ट्र हादरला. संतापलेल्या लोकांनी रेल्वेचा मार्ग अडविला; पुढे गुन्ह्याची माहिती न दिल्याबद्दल शाळेच्या विश्वस्तांवर व मुख्याध्यापिकेवरही गुन्हा दाखल झाला. संस्थेचे नाव जपण्याची ओढ शाळांमध्ये एवढी जबर असते, की तिच्यापुढे मुलाचे नाव मागे पडते. राज्य सरकारने मार्च २०२२ मध्ये प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री समिती’ नेमण्याचा आदेश काढला होता. किती शाळांत ही समिती फळ्यावरील नावांपलीकडे जिवंत आहे, हे त्या-त्या शाळेच्या मुलींना विचारावे. अधिकाऱ्यांना विचारून उपयोग नाही. तिला ज्या सावित्रीबाईंचे नाव दिले, त्या स्वतः शिक्षिका होत्या, आणि १८६३ मध्ये फुले दांपत्याने फसविल्या गेलेल्या विधवांसाठी घराचे दार उघडले, तेव्हा येणारीचे नाव बाहेर फुटणार नाही ही त्यांची पहिली हमी होती. गुप्तता राखणे आणि संकटातून सोडविणे ही दोन्ही कामे एकाच घरात होऊ शकतात, हे त्यांनी दाखविले. गावाला कळू न देता जेथे मदत मिळेल तेथे कळविणे, यालाच गुपित राखणे म्हणतात.

मुलींबद्दल इतके लिहिताना मुलांचा विसर पडतो. मुलगे फारसे बोलत नाहीत. ते वर्गात मागे बसू लागतात, भांडतात, शाळा बुडवितात, आणि मग त्यांना शिक्षा होते. दहावीच्या वर्गातील मुलगा ‘सर, आता काही राहिलं नाही’ असे हसत म्हणतो, आणि ते हसण्यावारी नेले जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातील होते. अशा वेळी ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, हा समज चुकीचा आहे. विचारल्याने त्याला सुटल्यासारखे वाटते, हा मानसोपचाराचा सर्वत्रचा अनुभव आहे. उत्तर ‘हो’ असेल, तर मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये. घरचे माणूस येईपर्यंत कोणीतरी त्याच्याजवळ बसावे, फवारणीची औषधे कुलपात ठेवण्यास घरच्यांना सांगावे आणि त्याला दवाखान्यात नेण्याचा आग्रह धरावा. १४४१६ या क्रमांकावरील ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून रात्रंदिवस चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. येथे घरच्यांना न सांगणे हाच अपराध ठरेल. त्रास घरातून आहे की बाहेरून, यावर घरी कळवावे की नाही हे अवलंबून आहे, आणि तेवढे ओळखण्यापुरते तरी शिक्षकाने आधी ऐकून घेतले पाहिजे.

एका ठिकाणी मात्र प्रामाणिक शिक्षकही अडतो. सतरा वर्षांच्या मुलीने आपल्या वर्गातील मुलाशी असलेल्या प्रेमसंबंधांची कबुली दिली, आणि ते पुढवर गेलेले असतील, तर कायद्याच्या लेखी तोही पॉक्सोचा गुन्हा आहे. अठराच्या आतील संमतीला कायदा संमती मानीत नाही. वर्दी द्यावी तर एक पोरगा तुरुंगाच्या दारात उभा राहतो आणि मुलीचे नाव गावात होते. न द्यावी तर शिक्षक स्वतः कायद्यात सापडतो. कायदेमंडळाने यावर अधिक शहाणा विचार करावयास हवा. तो होईपर्यंत शिक्षकाने वचन देण्यापूर्वी आपली मर्यादा सांगण्याचे महत्त्व येथे सर्वांत जास्त आहे: मुलीला काय आणि किती सांगावयाचे, हे तिने जाणतेपणी ठरविले पाहिजे.

मराठी शिक्षकापुढे आदर्श म्हणून साने गुरुजींचे नाव ठेवण्याची प्रथा आहे. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते आणि छात्रालयाचे काम पाहत होते. तेथे ते मुलांतच राहत, त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढीत. मुलांच्या मनातले त्यांना न विचारता कळे, कारण त्यांचा दिवस मुलांबरोबर उगवे आणि मावळे. परंतु त्या आदर्शाचा अर्थ आज पुष्कळजण ‘शिक्षकाने आई व्हावे’ असा भाबडेपणाने घेतात, आणि त्यातून नवे घोटाळे होतात. मुलीला रात्री-अपरात्री फोन करणे, तिला गुपचूप पैसे देणे, ‘तुझं दुःख फक्त मलाच कळतं’ अशी भावना तिच्या मनात रुजू देणे हे माया म्हणून सुरू होते आणि तिला दुसऱ्या परावलंबनात टाकते. हेतू शुद्ध असला तरी असे वागणे टाळावे. आणि हेतू शुद्ध नसलेला माणूस नेमका याच वाटेने आत शिरतो, हे शाळेतील इतरांनी ओळखावे.

शिक्षकाने सगळेच करावे अशी अपेक्षा मुळात गैर आहे, हे या देशाने फार पूर्वी कागदावर मान्य केले होते. कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, आणि सोपे काम शिक्षकांनी व अवघड काम त्याने करावे, अशी शिफारस केली. सहा दशके उलटली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले, की शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावेत, आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा या विषयाचे प्रशिक्षण द्यावे. जेथे इंग्रजीला शिक्षक मिळत नाही आणि एकाच गुरुजीने शिकवणे, मतदारयाद्या व ऑनलाइन माहिती भरणे अशी सारी कामे सांभाळावयाची असतात, तेथे समुपदेशक कोठून येणार, हा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर अवघड असले तरी अशक्य नाही. प्रत्येक शाळेला एक माणूस देणे आज जमणार नसेल, तर परतूर तालुक्याला मिळून दोन स्त्रिया आणि एक पुरुष, पगारी, प्रशिक्षित, आठवड्याच्या ठरलेल्या वारी ठरलेल्या शाळेत येणारे, एवढे तर जिल्हा परिषदेला करता येईल. कोठारींच्या हिशेबापेक्षा ते कमीच आहे.

तोपर्यंत एक काम आजच होण्याजोगे आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. नववी-दहावीतील मुलीचा बाप वर्षाच्या मध्येच शाळेत येतो आणि शाळा सोडल्याचा दाखला मागतो. कारण विचारले तर ‘पाहुण्यांच्या गावी घालायचीय’ म्हणतो. दाखला तयार होतो, शिक्का पडतो, रजिस्टरात एक ओळ वाढते. त्या दाखल्यावर सही करण्यापूर्वी मुख्याध्यापकाने मुलीला बाईंसोबत समोर बोलावून विचारावे, की पुढची शाळा कोणती आणि तेथे प्रवेश कधी घ्यावयाचा आहे. तिला त्या शाळेचे नाव सांगता आले नाही, तर फोन उचलावा.